एमटीबीला (माउंटन बाइकला) भारी पार्ट लावायच्या आधी हिशोब कसा करायचा: कोल्हापूरच्या वाटांवर पैसा कुठं वसूल होतो आणि कुठं नाही

रविवारी पन्हाळ्यावर चहाला थांबलं की कोण ना कोण विचारतंच, दादा डिओर काढून एक्सटी टाकू का, फोर्क (पुढचं सस्पेन्शन) बदलू का, कार्बन हँडलबारनं खरंच फरक पडतो का. विचारणारा बहुतेक वेळा मनात ठरवूनच आलेला असतो, त्याला फक्त कुणीतरी हो म्हणायला पाहिजे असतं. पण पगारातनं बाजूला काढलेले पैसे असतात, काहीजण तर वर्षभर साठवतात, आणि मग ते जिथं फरक पडत नाही तिथं जातात तेव्हा मला लई वाईट वाटतं. म्हणून मी जसा हिशोब करतो तसा पायरी पायरीनं इथं लिहितोय. डिओर, एसएलएक्स, एक्सटी, एक्सटीआर ही शिमानो कंपनीच्या पार्टची खालून वर जाणारी नावं, एवढं ध्यानात ठेवा. लेख मोठा आहे, निवांत वाचा.

आधी माझं मत सांगून टाकतो म्हणजे पुढचं सगळं त्याच अंगानं वाचता येईल. जो पार्ट झिजतो तो मधल्या लेव्हलचा घ्या, आणि जो वर्षानुवर्षं टिकतो तो परवडेल तेवढा चांगला घ्या. चेन, कॅसेट (मागच्या चाकावरची गिअरची चक्रं), ब्रेक पॅड, रोटर (ब्रेकची तबकडी) हे झिजणारे. हब (चाकाचा मधला भाग), शिफ्टर (हँडलवरचा गिअरचा खटका), ब्रेकचे लिव्हर आणि कॅलिपर, फोर्क हे टिकणारे. टायर मात्र ह्या नियमात बसत नाही, तो झिजतो तरी त्याच्यात कंजूषी करायची नाही, का ते खाली येईलच.

पायरी १: तुम्ही नक्की कुठं चालवता ते लिहून काढा

हे ऐकायला साधं वाटतं पण करत कुणी नाही. एक कागद घ्या आणि मागच्या तीन महिन्यांत सायकल कुठं कुठं गेली ते लिहा. रंकाळ्याला फेऱ्या, विद्यापीठाच्या बाजूचा चढ, कात्यायनीच्या डोंगराकडचा कच्चा रस्ता, जोतिबा, वाघबीळवरनं पन्हाळा, आणि तिथनं पुढं म्हाळुंग्याहून मसाई पठार. समोर लिहा किती टक्के डांबर आणि किती टक्के माती. माझ्या बघण्यात आहे की एमटीबी घेतलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं जास्त अंतर डांबरावरच होतं, आणि त्यात काही चूक नाही, पण मग पैसे फोर्कवर घालण्यात अर्थ नाही.

आपल्याकडची जमीनपण लक्षात घ्या. पन्हाळा-मसाईच्या बाजूला जांभा दगड आणि तांबडी माती, खाली नदीकाठच्या शिवारात काळी माती. काळी माती ओली झाली की टायरला अशी चिकटते की चाक फोर्कमध्ये फिरतच नाही, आणि तांबड्या मातीचा ओला रेंदा म्हणजे ब्रेक पॅडला आणि चेनला लावलेला पॉलिश पेपरच समजा. पावसाळ्यात चार-पाच राईड मसाईच्या चिखलात केल्या की पॅडची जी अवस्था होते ती डांबरावर अख्ख्या वर्षात होत नाही. म्हणजे इथं झिजणाऱ्या पार्टचा खर्च बाकीच्यांपेक्षा मोठा असणार हे धरूनच चालायचं.

पायरी २: काय बसतंय ते आधी मोजा, मगच किंमत विचारा

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो इथं. पार्ट भारी असतो, ऑफर पण चांगली असते, आणि घरी आल्यावर कळतं की बसतच नाही.

पहिलं म्हणजे मागच्या चाकाचा फ्रीहब, ज्याच्यावर कॅसेट चढते तो भाग. शिमानोच्या १२ स्पीडच्या १०-५१ कॅसेटला (लहान चक्राला १० दाते, मोठ्याला ५१) मायक्रो स्प्लाइन फ्रीहब लागतो, आणि आपल्या बहुतेक जुन्या सायकलींवर असतो तो एचजी, त्याच्यावर ती कॅसेट चढत नाही. श्राम ह्या दुसऱ्या कंपनीच्या जीएक्स आणि वरच्या ईगल (१२ स्पीड) कॅसेटना एक्सडी ड्रायव्हर, म्हणजे वेगळाच फ्रीहब, लागतो, एसएक्स आणि एनएक्सच्या ११-५० कॅसेट मात्र एचजीवर बसतात. म्हणजे "फक्त १२ स्पीड करायचंय" म्हणत निघालेला माणूस शेवटी नवीन चाक घेऊन घरी येतो. ज्यांच्याकडं चांगलं एचजी हबचं चाक आहे त्यांना मी डिओरची ११ स्पीड एम५१०० सिरीज सुचवतो, ११-५१ ची कॅसेट आहे आणि ती एचजीवरच बसते. जोतिबाच्या चढाला ५१ दाती गिअर असला म्हणजे झालं, ११ स्पीड की १२ हे गुडघ्याला कळत नाही. शिमानोनं २०२३ मध्ये क्यूज सिरीज आणली ती पण एचजीवर बसते, कंपनीचं म्हणणं आहे की त्यातली लिंकग्लाइड कॅसेट आधीच्या कॅसेटच्या तिप्पट टिकते. पण क्यूजचे शिफ्टर-डिरेलर (डिरेलर म्हणजे चेन एका गिअरवरनं दुसऱ्यावर ढकलणारा पार्ट) आधीच्या हायपरग्लाइड सेटबरोबर मिसळायचे नाहीत, घ्यायचा तर अख्खा सेट घ्यायचा. आणि सायकल ७ स्पीडची, स्क्रूवाल्या फ्रीव्हीलची असेल तर हा सगळा विचारच सोडा, त्या हबवर भारी कॅसेट बसणार नाही.

दुसरं फोर्क. फ्रेमचा हेडट्यूब (हँडलखालची नळी) वर-खाली सारख्याच जाडीचा दिसत असेल तर बहुतेक तो सरळ सव्वा इंची, म्हणजे बरोबर सांगायचं तर १ पूर्णांक १/८ इंची स्टिअररचा (फोर्कच्या वरच्या दांड्याचा) असतो, आणि आजकालचे चांगले एअर फोर्क जवळजवळ सगळे टेपर्ड येतात, खाली दीड इंच. अंदाजानं ठरवू नका, उद्यमनगरात ओळखीचा कुणीतरी असतोच, त्याच्याकडनं व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) घ्या आणि मोजा. मग एक्सल, तुमचं पुढचं चाक साध्या ९ मिमी क्विक रिलीजचं असेल आणि फोर्क १५ मिमी थ्रू एक्सलचा असेल तर पुढचा हब पण बदलावा लागतो. आणि ट्रॅव्हल (फोर्क किती मिमी दबतो तो) १०० चा होता म्हणून १४० चा टाकला असं करायचं नाही, फ्रेमचा अँगल बदलतो आणि हेडट्यूबवर जो ताण येतो त्यासाठी ती फ्रेम बनवलेलीच नसते.

सीटपोस्टचा व्यास (२७.२, ३०.९, ३१.६ हे नेहमीचे), बॉटम ब्रॅकेटचा (पॅडलच्या आसाच्या बेअरिंगचा) प्रकार, रोटर सहा बोल्टचा की सेंटरलॉक, एवढं सगळं एकदाच मोजून फोनमध्ये लिहून ठेवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

पायरी ३: ग्रॅमचा भाव काढा

वरच्या लेव्हलचा पार्ट विकताना सगळ्यात आधी वजन सांगतात. मग आपणपण वजनानंच हिशोब करू.

शिमानोच्या १२ स्पीड, १०-५१ कॅसेट घ्या. डिओर साधारण ५९३ ग्रॅम, एसएलएक्स ५३४, एक्सटी ४७०, एक्सटीआर ३६७. समजा दुकानात डिओर आणि एक्सटी ह्यांच्यात ६ हजारांचा फरक सांगितला, तर १२३ ग्रॅमला ६ हजार, म्हणजे एका ग्रॅमला जवळजवळ ४९ रुपये. एक्सटी ते एक्सटीआर हा भाव आणखी चढतो. तुम्हाला जो दर मिळेल तो घालून हाच भागाकार करा, प्रत्येक पार्टचा करा, आणि एका ओळीत मांडा. लगेच दिसतं की खालच्या दोन-तीन पायऱ्यांवर पैशाला बरंच काही मिळतं आणि वर जाल तसं मिळणं कमी आणि देणं जास्त होत जातं.

आता ते ग्रॅम चढाला काय करतात बघू. समजा तुम्ही ७२ किलो आणि सायकल १४, मिळून ८६ किलो. ३०० मीटर उंचीचा चढ ३० मिनिटांत चढला, तर गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साधारण १४० वॅट खर्च झाले. डिओर काढून थेट एक्सटीआर कॅसेट लावली, २२६ ग्रॅम वाचले. ८६ किलोत २२६ ग्रॅम म्हणजे पाव टक्का. ३० मिनिटांतले पाच सेकंदसुद्धा वाचत नाहीत, आणि ह्यात हवेचा आणि टायरचा विरोध धरलेला नाही, तो धरला तर त्याहूनही कमी. बाटलीत पाव लिटर पाणी कमी भरलं तर तेवढाच फायदा होतो. अख्खा एक किलो कमी केला तर त्याच चढाला वीस सेकंद. रेस करणाऱ्याला वीस सेकंद म्हणजे लई मोठी गोष्ट आहे, मी ते नाकारत नाही, पण रविवारी मित्रांबरोबर जाऊन मिसळ खाऊन येणाऱ्याला त्यासाठी तीस-चाळीस हजार घालायला सांगणं मला पटत नाही.

त्यातनं आणखी एक. कॅसेट हलकी करतात ती स्टीलच्या जागी अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम घालून. डिओरची चक्रं स्टीलची, एक्सटीची मोठी दोन अॅल्युमिनियमची. आपल्याकडच्या लांब चढाला आपण नेमके त्या मोठ्या चक्रांवरच बसून राहतो, वरनं तांबडी माती, त्यामुळं ती लवकर झिजतात. म्हणजे जास्त पैसे देऊन कमी टिकणारी वस्तू. म्हणून माझ्या सायकलवर शिफ्टर एक्सटीचा आहे आणि कॅसेट-चेन डिओरची, आणि ह्या मिश्रणावर मी पूर्ण समाधानी आहे. डिओर ते एक्सटीआर १२ स्पीडचे पार्ट एकमेकांत चालतात, हा शिमानोचा मोठा फायदा आहे. शिफ्टरवर पैसे का, तर बोटाला जो फरक जाणवतो तो तिथंच, एक्सटीत एका दाबात दोन गिअर सोडता येतात, डिओरमध्ये एकेकच, आणि शिफ्टर पडून तुटला नाही तर पाच-सात वर्षं हलत नाही. मागचा डिरेलर मात्र दगडाला पहिला लागतो, म्हणून तो डिओर नाहीतर एसएलएक्सच, क्लच (चेन उड्या मारू नये म्हणून असतो तो) असला की बास.

पायरी ४: टायरपासून सुरुवात करा

बजेट पाच हजार असो नाहीतर पन्नास, पहिला खर्च टायरचा. सायकलीचं जमिनीशी नातं हाताच्या पंजाएवढ्या दोन जागांपुरतंच आहे. कंपनीनं सायकलीबरोबर दिलेला टायर बऱ्याचदा कडक रबराचा असतो, ओल्या जांभ्यावर तो साबणावर ठेवल्यासारखा सरकतो, आणि तिथं एक्सटीआर डिरेलर काय करणार. मऊ रबराचा, २.२५ किंवा २.३५ चा, पुढं जास्त खोल गुट्ट्यांचा आणि मागं थोडा गुळगुळीत अशी जोडी माझ्या मते आपल्याकडं सगळ्यात बरी. टायर घ्यायच्या आधी फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये चिखल निघून जायला जागा राहते का ते बघा.

त्यानंतर ट्यूबलेस, रिम ट्यूबलेसची असेल तर. शेताच्या बांधानं जाताना बाभळीचे काटे आहेतच, ट्यूब असली की एका राईडला दोन पंक्चर, आणि ट्यूब दगडावर चेमटू नये म्हणून हवा ३५ पीएसआयच्या आसपास ठेवावी लागते. ट्यूबलेसला माझ्या वजनाला २४ ते २७ पुरते, आणि त्या दहा पीएसआयनं पकड आणि आराम दोन्हीत जो फरक पडतो तो मला तरी कुठल्याच ग्रुपसेटनं (गिअरच्या अख्ख्या सेटनं) दिलेला नाही. रिम टेप, व्हॉल्व्ह, सीलंट (टायरचं भोक बुजवणारं द्रव) एवढाच खर्च. एक काळजी घ्या, उन्हाळ्यात सीलंट लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्ह काढून काडी घालून बघायचं आणि लागेल तसं भरायचं. हे केलं नाही तर काटा लागल्यावर आत फक्त वाळलेली साय असते.

पायरी ५: ब्रेक

पन्हाळ्यावरनं खाली येताना, समोर उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन वळणावर, तेव्हा माणूस वजन-बिजन सगळं विसरतो. केबलचे डिस्क ब्रेक असतील तर हायड्रॉलिक करा, ह्यात मला दुसरं मत नाही. शिमानोचा एमटी२०० सारखा साधा सेटसुद्धा केबलपेक्षा खूप पुढचा. त्याच्या वर डिओर किंवा एसएलएक्सला गेलात तर लिव्हरची पकड आणि बोटाखालचा कंट्रोल आणखी सुधारतो. एसएलएक्स ते एक्सटी हा फरक थांबायच्या ताकदीत फारसा नाही, अॅडजस्टमेंटमध्ये आहे. तिथं पैसे वाचवा आणि पुढचा रोटर १६० चा असेल तर फोर्क परवानगी देत असल्यास १८० चा करा. कमी पैशात एवढी मोठी सुधारणा दुसरी मिळणार नाही.

पॅड रेझिनचे की मेटलचे? रेझिन शांत आणि पकड लगेच देणारे, पण ओल्या मातीत पटापट संपतात. मी जूनमध्ये मेटलचे टाकतो आणि दिवाळीनंतर परत रेझिन. मात्र स्वस्त रोटरवर फक्त रेझिन पॅडसाठी असं लिहिलेलं असतं, त्यावर मेटलचे पॅड लावले तर रोटर खाऊन टाकतात. रोटरपण व्हर्निअरनं मोजायची सवय लावा, शिमानोचा नवा १.८ मिमी असतो आणि १.५ ला आला की बदलायचा. पॅडचं मटेरियल अर्धा मिमी राहिलं की संपलं समजायचं.

शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, श्रामच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड, मोटारसायकलीत असतं तसलं. एकाचं दुसऱ्यात घातलं तर आतले सील फुगून ब्रेक निकामी होतात. माझ्याबरोबर हे घडलेलं आहे, एका दुकानात ब्लीड करायला (ब्रेकमधली हवा काढून तेल भरायला) सायकल दिली, तिथल्या पोरानं मोटारसायकलचं ब्रेक फ्लुइड भरलं आणि पंधरा दिवसांत दोन्ही लिव्हर गेले. तेव्हापासून तेलाची बाटली मी स्वतः घेऊन जातो आणि समोर उभा राहतो.

पायरी ६: फोर्क, आणि तोही सर्व्हिसचा खर्च धरून

स्प्रिंगचा सुरुवातीचा फोर्क अडीच किलोच्या घरात असतो, चांगला एअर फोर्क त्यापेक्षा पाऊण-एक किलोनं हलका. पण वजनासाठी फोर्क बदलू नका. खरा फायदा हा की एअर फोर्क तुमच्या वजनाला लावता येतो. ५५ किलोच्या पोराला आणि ९० किलोच्या माणसाला कंपनी एकाच स्प्रिंगचा फोर्क देते, मग एकाला तो दगडासारखा आणि दुसऱ्याला गादीसारखा. एअरमध्ये शॉक पंपानं हवा भरून सॅग (नुसतं बसल्यावर फोर्क दबतो तो) २० ते ३० टक्क्यांवर आणायचा, रिबाउंड (दबलेला फोर्क परत वर यायचा वेग) लावायचा, आणि मग मसाईवरच्या जांभ्याच्या खडबडीत पट्ट्यात पुढचं चाक उड्या न मारता जमिनीला धरून चालतं.

आता जे कुणी सांगत नाही ते. चांगल्या फोर्कला सर्व्हिस लागते. रॉकशॉक्स खालच्या पायांची सर्व्हिस दर ५० तासांनी सांगतं, फॉक्स १२५ तासांनी. आठवड्याला तीन तास चालवलं तर ५० तास चार महिन्यांत होतात. खालचे पाय काढून तेल आणि सील बदलणं घरी शिकता येतं, पण डँपर (फोर्कच्या हालचालीला आवर घालणारा आतला भाग) उघडायचा झाला की मी पुण्याला पाठवतो, म्हणजे कुरिअर, मजुरी, सील किट आणि दोन-तीन आठवडे सायकल बंद. वर्षाचा हा खर्च फोर्कच्या किमतीत मिळवूनच तो परवडतो का बघा. आणि पहिल्या पायरीवर तुमचं ८० टक्के डांबर निघालं असेल तर ही पायरी सोडून पुढं जा.

पायरी ७: चाकं आणि कार्बन

चाकं हलकी केली की सायकल उडते असं म्हणतात. फिरणाऱ्या वजनाचा फायदा वेग वाढवताना मिळतो, एका लयीत चढ चढताना रिमचा ग्रॅम आणि फ्रेमचा ग्रॅम सारखाच. पण चांगल्या हबवर पैसे घालायला माझी ना नाही. सीलबंद बेअरिंगचा हब वर्षानुवर्षं चालतो, बेअरिंग गेलं तर त्याच्यावरचा नंबर, समजा ६९०२, घेऊन उद्यमनगरातल्या बेअरिंगच्या दुकानात जायचं, तोच नंबर मिळतो. आपल्या गावात ही सोय आहे, तिचा फायदा घ्या. हबचं एंगेजमेंट, म्हणजे पॅडल मारल्यावर चाक किती लवकर पकडतं, ते २४ पॉइंटला १५ अंश, ३६ ला १०, ५४ ला पावणेसात. २४ वरनं ३६ ला गेलं की दगडातल्या चढाला फरक कळतो, त्याच्या वर मला तरी कळला नाही.

कार्बन रिम सध्या सोडा. कार्बन हँडलबारनं हाताला येणारी थरथर थोडी कमी होते हे खरं, पण तो टॉर्क रेंचनंच आवळायचा, बारवर किंवा स्टेमवर जो न्यूटन मीटरचा आकडा छापलेला असतो तेवढाच. रेंच नसेल तर बार घेऊच नका. एकदा जोरात पडला आणि बारला खोल ओरखडा आला तर तो बदलावाच लागतो. हातच दुखत असतील तर आधी चांगल्या ग्रिप घ्या आणि स्टेमची लांबी तपासा.

पायरी ८: अख्खी सायकलच बदलावी का

यादी झाली की बेरीज करा. टायर, ब्रेक, फोर्क, चाक, ग्रुपसेट, मजुरी. ही बेरीज तुमच्या सायकलीच्या आजच्या विक्री किमतीच्या वर गेली तर थांबा. कंपन्यांना पार्ट घाऊक दरात मिळतात, त्यामुळं तेच पार्ट बसवून आलेली नवीन सायकल सुट्ट्या पार्टच्या बेरजेपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते, आणि फ्रेमपण नवीन पद्धतीची, टेपर्ड हेडट्यूब आणि थ्रू एक्सलवाली मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी १२ वरनं ५ टक्क्यांवर आलाय, जुने कोटेशन असेल तर नवीन मागा. बाहेरनं मागवणार असाल तर ड्यूटी आणि कुरिअर धरून किंमत बघा, आणि वॉरंटी इथं चालते का ते लेखी घ्या.

सेकंड हँड घेताना हब, शिफ्टर, ब्रेक लिव्हर बिनधास्त बघा. फोर्क घेताना स्टँचनवर (फोर्कच्या वरच्या चकचकीत नळ्यांवर) नख फिरवा, नख अडकलं तर नको. वापरलेली चेन आणि कॅसेट फुकट मिळाली तरच. वापरलेला कार्बन ओळखीतला असला तरी मी घेत नाही.

पायरी ९: वही ठेवा

प्रत्येक पार्ट बसवल्याची तारीख आणि किंमत लिहायची, किलोमीटर आणि तास स्ट्रावा अॅपवरनं घ्यायचे. चेन चेकर घ्या, स्वस्तात मिळतो. ११ आणि १२ स्पीडला चेन ०.५ टक्के ताणली की बदलायची, त्याखालच्या स्पीडला ०.७५ पर्यंत चालतं. वेळेवर चेन बदलली तर एका कॅसेटवर दोन-तीन चेन निघतात, नाही बदलली तर ताणलेली चेन कॅसेटचे दातेपण घेऊन जाते, आणि मग दोन्हीचा खर्च एकदम येतो. सहा महिन्यांनी वहीत बघितलं की कुठला पार्ट एका राईडला किती रुपयाला पडला ते दिसतं. माझ्या वहीत टायर आणि ट्यूबलेस सगळ्यात स्वस्त पडलेत, आणि हौसेनं घेतलेली हलकी कॅसेट सगळ्यात महाग.

आणि काढलेले जुने पार्ट टाकू नका. ओरिजिनल चाकं, ओरिजिनल फोर्क जुन्या कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवा. सायकल विकायची वेळ आली की तेच परत बसवायचे आणि भारी पार्ट वेगळे काढून विकायचे, कारण घेणारा माणूस अख्ख्या सायकलीला मॉडेलच्या नावावर भाव करतो, तुमच्या एक्सटी शिफ्टरचे वेगळे पैसे देत नाही.